लाल पानावरचा माणूस

मित्रांनो, ताईबाईंच्या नातीचं, रश्मीचं लग्न झालं त्या साली मी इनामगावात आलो. मी एक जुना संगणक आहे. माझी उमेदीची वर्षं सणसवाडीच्या एका कारखान्यात गेली. तिथं मला रोज फडक्यानं पुसत. नवे संगणक आले आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. ताईबाईंचा नातू धम्मदीप तिथंच कामाला होता. त्यानं मला मागून घेतलं आणि जीपमध्ये मांडीवर धरून विहाराच्या वाचनालयात आणलं.

पुढं सरकारनं इंटरनेटच्या पानांना प्रतवारी लावली. हिरवं पान उघडायचं, लाल पान बंद. मोबाइलवरही तीच चाळणी.

ताईबाईंचे मालक कोंडिबा तरुणपणी नदीकाठच्या टेकाडावर पुरातत्त्ववाल्यांच्या खोदकामाला मजूर होते. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. पुण्याच्या एका बाईंनी सांगितलं, की खोदकामाचे जुने फोटो आता इंटरनेटवर आहेत, मजुरांचेसुद्धा. ताईबाई त्याच दिवशी माझ्यासमोर येऊन बसल्या. पान लाल निघालं. त्यात हजारो वर्षांपूर्वी मातीच्या रांजणात पुरलेल्या लेकराची हाडं होती आणि हाडं दिसली की चाळणी अडवायची.

"आज्जी, हे मोठ्या माणसांसाठीचं पान हाय, म्हणून बंद केलंय," धम्मदीप म्हणाला.

"सत्तरी गाठली मी. आजून किती मोठी व्हऊ?"

सगळे हसले. ताईबाई हसल्या नाहीत. "त्यांचं तोंड आता नीट आठवंना रं," एवढंच म्हणाल्या.

धम्मदीपनं तक्रार केली. बऱ्याच महिन्यांनी तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. पान योग्य की अयोग्य ते उघडून पाहायचा अधिकार त्यांना एकट्यालाच होता. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

ताईबाई दारात थांबल्या. "साहेब, आमाला नका दावू. तुमीच बघा. डाव्या भुवईवर वण असलेला माणूस हाय का, तेवढं सांगा."

दार लागलं. साहेबांनी पान उघडलं. फुटका रांजण, त्यात काटक्यांएवढी हाडं. शेजारी गुडघे टेकून एक तरुण ब्रशनं माती झाडत होता, झोपलेल्या लेकराची झोप मोडू नये इतक्या हलक्या हातानं. साहेबांनी फोटो मोठा केला. भुवईपाशी थांबले. मग उठून त्यांनी स्वतः दार उघडलं.

"आजी, आत या."

ताईबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "कितींदा सांगितलं व्हतं, टोपी नीट घाला म्हणून. फोटूत बी तिरकीच."

साहेबांना हसू आलं. त्या संध्याकाळी ते पान हिरवं झालं आणि माझ्या काचेवरचं ओझं उतरलं.

मित्रांनो, मला झाकायला सांगितलं तर मी झाकतो. आत काय आहे ते मला समजत नाही. म्हणून झाकण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी नीट बघत जा. आणि जुन्या यंत्रावरची धूळ अधूनमधून पुसत जा.

तो फोटो आता चौकटीत बसून ताईबाईंच्या घरात आहे. कोंडिबा एकोणीसशे एक्क्याऐंशी साली वैशाखात वारले. ताईबाई यंदा माघी पौर्णिमेला सकाळी वारल्या.