दीड तासावरचे घर

मित्रांनो, मी एक जुनी सुटकेस आहे. आमगावजवळच्या एका खेड्यात, उदेलाल बिसेन यांच्या घरी मी धानाच्या कोठीवर पडून असते. माझा लाल रंग विटला आहे आणि एक कडी तुटली आहे.

कारखान्यातून मी गोंदियाच्या बाजारात आले. उदेलालांचा मुलगा भुवनेश्वर हैदराबादला नोकरीला निघाला होता, म्हणून त्यांनी मला विकत घेतले. घेण्याआधी दुकानदाराला मला दणकन आपटायला लावले. मी फुटले नाही, तेव्हा ते खूश झाले. "पोराले शोभते," म्हणाले.

ते माझे चांगले दिवस होते. रेल्वेला रात्र आणि वर अर्धा दिवस लागायचा. तरी भुवनेश्वर पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, धानकापणीलाही यायचा. परतताना तुलसाबाई, म्हणजे त्याची आई, माझ्यात तांदूळ, लाखोळीची डाळ आणि लाडू कोंबायची. झाकण बसत नसे, मग उदेलाल माझ्यावर बसत आणि घरभर हसू पसरे.

मग गोंदियाहून हैदराबादचे विमान सुरू झाले. भुवनेश्वर फोनवर म्हणाला, "माय, आकाशातून पाचशे किलोमीटरच आहे. दीड तासात घरी!" उदेलालांनी ही बातमी अख्ख्या गावाला सांगितली. भुवनेश्वरने नवी, हलकी बॅग घेतली आणि मला इथेच ठेवले.

मित्रांनो, घर जवळ आले आणि त्याचे येणेच थांबले. पोळा गेला. दिवाळी गेली. तुलसाबाईने विचारले की तो म्हणे, "दीड तासाचा तर रस्ता आहे. कधीबी येता येते. आजच कायले?"

मागच्या हिवाळ्यात उदेलालांना छातीचा आजार झाला. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्यायला सांगितले. भुवनेश्वरच्या धाकट्या बहिणीने, रिंकीने, फोन लावला.

"दादा, बाबूजी तुझंच नाव घेऊन राहिले. आता निघ. संध्याकाळची गाडी पकड."

"गाडीनं कायले? उद्या विमान आहे ना. सकाळी एक मीटिंग करतो अन् निघतो."

दुसऱ्या दिवशी धुके पडले आणि विमान रद्द झाले. आदल्या संध्याकाळची रेल्वे मात्र दुपारपर्यंत गोंदियाला पोचली होती. उदेलाल दाराकडे तोंड करून निजले होते. सायकल वाजली तरी विचारत, "आला का?" अंधार पडायच्या आत ते गेले.

भुवनेश्वर पोचला तेव्हा अंत्यसंस्कार उरकले होते; अंगणात नुसती माणसे बसलेली होती. तो आईच्या पायाशी कोसळला. "माय, विमानच नाही आलं गं!"

तुलसाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. "विमानाले बोलावलं नव्हतं बापू," ती म्हणाली. "तुले बोलावलं होतं."

तेरवी झाली. भुवनेश्वर तिला सोबत चल म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली आणि पाठ फिरवून धान पाखडत बसली. त्या दिवशी त्याच्या बॅगेत कोणी काही भरले नाही. बॅग रिकामीच गेली.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल, भंगारात दिले तरी माझी तक्रार नाही. पण घरून बोलावणे आले, तर किती वेळ लागेल हे विचारत बसू नका. समोर जी गाडी उभी असेल, तीत चढा.