शेगडीमागचा बोळ

बोळात वाकून यार्मिलाने उंदरांच्या सापळ्यात चीजचा तुकडा अडकवला आणि तेवढ्यात खट्ट आवाज झाला. सापळा नव्हे, मागचं दार मिटलं होतं.

"अरे ओल्द्रिख! मी आत आहे ना!"

कोण ऐकतंय! तिच्या नवऱ्याचे, ओल्द्रिखचे, कान अलीकडे अधू झाले होते, आणि भिंत तर हातभर जाड. या दाराला ग्रंथालयाच्या बाजूने पुस्तकांचे खोटे पुठ्ठे चिकटवलेले. मिटलं की भिंतभर पुस्तकांची सलग रांग दिसायची, किलकिलं राहिलं की रांगेला खिंडार पडायचं. ते खिंडार नवऱ्याला खपत नसे. जाता-येता कोपराने दार लोटायचं, ही त्याची जुनी खोड. आत कोणी आहे का, हे कशाला बघतोय!

आतून उघडायला कडी नव्हतीच. वाड्याच्या जुन्या सरदारसाहेबांनी बागेत हे ग्रंथालय बांधलं तेव्हा भिंतीतली उंच शेगडी पेटवणाऱ्या गड्यांसाठी भिंतीमागे हा बोळ काढला. लाकडं मागूनच सारायची. वाचणाऱ्यांना ऊब मिळावी, पण गड्याचं तोंड दिसू नये. बोळाचं दुसरं टोक पुढे कधीतरी विटांनी बुजवलं गेलं. वाडा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे सगळं यार्मिलाच रंगवून सांगायची. आज ती स्वतःच त्यात कोंडली गेली होती.

विझलेल्या शेगडीच्या तोंडाशी ती वाकली, तर पलीकडून नवऱ्याचा आवाज आला. शेगडीजवळच्या खिडकीशी तेवढी फोनला रेंज यायची, आणि ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा.

"हो हो, राहतोय की आम्ही! आणखी पाच वर्षं! दोघंही!"

वाड्याची देखभाल दोघं पुढे करणार की नाही, हे वाड्याच्या कचेरीला आज कळवायचं होतं. काल सूप वाढताना तिने आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं होतं, मला ब्रनोला बहिणीकडे जायचंय, तिथे खिडकीखाली ट्राम थांबते, माणसं दिसतात. ओल्द्रिख म्हणाला होता, "बघू." हेच का ते बघणं?

"तिला काय विचारायचं, साहेब? तिचा जीव या भिंतींत अडकलाय. बाहेर चार दिवस जगायची नाही ती!"

"खोटं आहे!" यार्मिला शेगडीत तोंड घालून किंचाळली.

"काय? आवाज? छे हो, उंदीर असतील. लावलाय सापळा."

तिने कोपऱ्यातला निखारे सारायचा लोखंडी गज उचलला. मग हात थबकला. पलीकडे शेगडीच्या दर्शनी बाजूला निळ्या फुलांच्या पांढऱ्या फरशा होत्या. तशा आता कुठे घडत नाहीत. दर वसंतात ती त्या मऊ कुंचल्याने पुसायची, पाहुण्यांना बोटसुद्धा लावू देत नसे.

"लिहून टाका, दोघंही राहणार!"

तिने शेगडीत आतून गज हाणला. मग आणखी एकदा. पलीकडे काहीतरी कडकन तडकलं.

दार उघडलं. ओल्द्रिखची नजर आधी शेगडीकडे गेली आणि मग तिच्याकडे.

"फरशी तडकली, यार्मिला!"

"तडकली."

"अगं, हाक तरी मारायचीस!"

दाराशी तिच्या लोकरी सपाता ठेवलेल्या होत्या. इथल्या लाकडी जमिनीवर पाहुणा असो की मालक, बुटांवर सपाता चढवल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. ती सपाता ओलांडून पुढे गेली.

"अगं, सपाता! सपाता घाल!"

टक, टक, टक. इतकी वर्षं या दालनात वावरली, पण स्वतःची पावलं तिने कधी ऐकलीच नव्हती. खिडकीत ठेवलेला फोन "हॅलो, हॅलो" करत होता. तिने तो उचलला.

"नमस्कार. यार्मिला बोलतेय. तो होकार एकट्या ओल्द्रिखचा धरा. मी ब्रनोला चाललेय."

सांगून ती वळली. ओल्द्रिख गुडघ्यांवर बसून जमिनीवर उमटलेली तिच्या बुटांची काजळी रुमालाने पुसत होता. त्याने काही ऐकलं असावं असं वाटलं नाही.

तेव्हा तिने तेच पुन्हा सांगितलं, या खेपेला मोठ्याने.