ब्रेक नसलेली स्कूटर

मुआर गावच्या बस डेपोत इंजिनं खोलण्यात जलालच्या बापाची हयात गेली होती, त्यामुळे पोराच्या गिटारचा आवाज त्याला बिघाडच वाटे. शेवटी त्याने अट घातली.

"लोक विकत घेतील अशा तबकडीवर तुझं नाव दिसू दे, मग बसून ऐकेन. तोवर हा गोंगाट अंगणात."

बापाने एकदा बसून आपलं गाणं ऐकावं, याखेरीज जलालला खरोखर काही नको होतं.

सिंगापूरच्या बदरुलशेठने जलालच्या 'टायगर प्रॉन्स' बँडची तबकडी काढली. पण पुढच्या बाजूला घातलं 'एकाकी दिवा', म्हणजे शेठच्या मेहुण्याचं, वान दाऊदचं रडगाणं. जलालचं 'स्कूटरला ब्रेक नाही' गेलं मागे. तबकडी कोणी विकत घेईना. गावातल्या कॉफीच्या दुकानांत नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेट्या होत्या, पण तिथेही मागची बाजू लावतो कोण!

ड्रम वाजवणारा हनाफी पोटासाठी त्या पेट्या दुरुस्त करायचा. किल्ल्या त्याच्याच खिशात.

"तबकड्या उलट्या बसवतो," तो म्हणाला. "बटण दिव्याचं, गाणं स्कूटरचं. कोणाच्या बापाला कळतंय?"

"माझ्या बापाला कळलं तर?"

"तो इथली कॉफी पितो कुठे? पाणचट म्हणतो ना."

आठवडाभरात गाव स्कूटरवर नाचायला लागलं. बटणावर 'एकाकी दिवा' आणि गाण्यात स्कूटर, याचं कोडं कॉफीवाल्या तौकेने, म्हणजे दुकानमालक बून हेंगने, परस्पर सोडवलं.

"स्कूटरला पुढे दिवा किती? एकच ना? मग एकाकीच की तो."

"तौके, तुम्ही कवी व्हायचे राहिलात," जलालने हात जोडले.

एवढ्या हुशारीत जलाल आणि हनाफी एकच गोष्ट विसरले. पेटीतलं मीटर गाणं मोजत नाही, बटण मोजतं. शेठच्या माणसाने मीटरं वाचली आणि सिंगापूरला कळवलं की दिवा पेटलाय. शेठने खुशीत तबकडी पुन्हा काढली. पुढे 'एकाकी दिवा', मागे मेहुण्याचंच आणखी एक रडगाणं. स्कूटर कचऱ्यात.

ही तबकडी मात्र लोकांनी रांगा लावून घेतली, आणि तिच्यावर जलालचं नाव कुठेच नव्हतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

"किल्ल्या नदीत टाकू का?" हनाफीने विचारलं.

"आधी तू उडी मार."

दुसऱ्या दिवशी तीच माणसं तबकड्या घेऊन त्या विकणाऱ्या दुकानात भांडायला आली. हा दिवा नव्हे, आम्हाला खरा दिवा द्या! शेठने स्वतः गावात येऊन पेटी उघडून पाहिली तेव्हा त्याला सगळा प्रकार कळला. पण गाजलेलं नाव सोडणाऱ्यातला तो नव्हता. तिसऱ्या वेळी त्याने स्कूटरच्या गाण्यावर चक्क 'एकाकी दिवा, वान दाऊद' असं लेबल चिकटवलं. मागच्या बाजूला मेहुण्याचं मूळ रडगाणं घालून त्याला पहिल्या खेपेची उरलेली लेबलं लावली: 'स्कूटरला ब्रेक नाही, जलाल'. वान दाऊद रेडिओवर जाऊन हेडलाइटच्या एकटेपणावर बराच वेळ बोलला.

शुक्रवारी नमाजाहून येताना बापाने ती तबकडी स्वतः विकत आणली. मुलाच्या नावावरून बोट फिरवलं, ती बाजू वर ठेवली आणि आरामखुर्चीत टेकला. रडगाणं सुरू झालं. जलाल दारातच उभा राहिला. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बापाने टोपी काढून डोळे पुसले.

"ब्रेक नसलेल्या गाडीवर बसलेल्या माणसाची हीच गत होते," बाप म्हणाला. "बरोब्बर पकडलंस, पोरा. नाहीतर तो वान दाऊद. डेपोत सगळे त्याचा दिवा बोंबलत असतात. नुसता गोंगाट."

गाणं संपलं तरी जलाल दारातच होता.

"बघतोस काय? पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावली.