मिस व्हर्नेलच्या दुकानातला ड्रायर

मी ड्रायर बोलतोय. खुर्चीला जोडलेला, बायकांच्या डोक्यावर टोपासारखा बसणारा, ओले केस वाळवणारा. अमेरिकेत, अलाबामातल्या टॅलो स्प्रिंग्ज गावात, मिस व्हर्नेल टब्ज यांच्या कुरळे केस सरळ करून बसवायच्या दुकानात मी साठ वर्षं काढली.

माझा आवाज मोठा. त्यामुळे माझ्याखाली बसलेल्या बाईला बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, आणि आपलं बोलणंही कुणाला ऐकू जात नाही अशी तिची ठाम समजूत व्हायची. मग ती नवऱ्याच्या भानगडी गावभर ऐकू जातील अशा आवाजात सांगायची.

व्हर्नेल बारीक चणीची, जिभेने तिखट. तिची सगळी गिऱ्हाइकं काळ्या बायका, दुकान तिचं स्वतःचं. कुणी गोरा मालक तिला कामावरून काढू शकत नव्हता. म्हणून एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात तिने नवा उद्योग काढला. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर सरकारी कचेरीत परीक्षा द्यावी लागे, आणि काळ्या माणसाला नेमके आडवे प्रश्न विचारत. व्हर्नेल टॉवेलांच्या घडीत प्रश्नांचे कागद ठेवायची आणि केस वाळेपर्यंत पाठ करून घ्यायची.

ओरा ली गेन्स ही काळ्यांच्या शाळेतली मास्तरीण. नोकरी जाईल या भीतीने ती आधी तयारच नव्हती. एका शुक्रवारी ती माझ्याखाली डोळे मिटून पाठांतर करत होती, आणि दारात शेरीफचा पोलीस शिपाई उभा राहिला. म्हणे दुकानाचा परवाना बघायचाय.

"समजा, राष्ट्राध्यक्ष वारले!" ओरा ली ओरडली. "उपाध्यक्षही वारले!"

शिपायाचा हात पट्ट्याकडे गेला. "कोण वारलं?"

"हिच्या चर्चच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष, साहेब," व्हर्नेल म्हणाली. "आणि पाठोपाठ उपाध्यक्ष. फार लावून घेतलंय बिचारीने."

"तर कारभार कुणाकडे जाईल?" ओरा ली गरजली.

व्हर्नेलने हळूच माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ओरा ली किंचाळून उठली. शिपायाने परवाना पाहिला, टॉवेलांकडे पाहिलं, तिच्या लाल झालेल्या कानाकडे पाहिलं आणि निघून गेला. व्हर्नेल मटकन खुर्चीत बसली. ओरा लीने विचारलं, "काय गं, मी चुकले का कुठे?"

सोमवारी ती कचेरीत गेली. सगळी उत्तरं बरोबर दिली, तरी नापास. महिनाभरात शाळेने नारळ दिला. मग ती इथेच डोकी धुवायला लागली, आणि धुताधुता बायकांचं व्याकरण सुधारायची. बायका म्हणायच्या, "शाळेतून काढलं, पण हिची शाळा काही सुटत नाही."

पुढच्या वसंतात, एका रविवारी, मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा ठरला. आदल्या दिवशी, शनिवारी, व्हर्नेलने तेवीस डोकी बसवली. मी दिवसभर तापून लाल झालो होतो. रविवारी दुपारी त्यातली काही डोकी पोलिसांच्या काठ्या खाऊन परत आली. ओरा लीच्या केसांत रक्त सुकलं होतं. व्हर्नेलने ते कोमट पाण्याने धुतलं. त्या दिवशी मला कुणी चालू केलं नाही.

कायदा झाला, त्या आडव्या परीक्षा बंद झाल्या, ओरा लीने मत दिलं. दहा वर्षांनी व्हर्नेलची लेक ग्लेंडा कॉलेजातून आली, ती डोक्याभोवती भलामोठा गोल केशसंभार घेऊन.

"हे झुडूप घेऊन माझ्या दुकानात पाऊल टाकायचं नाही!"

"मम्मा, माझेच केस आहेत हे."

"माहीत आहे. मीच जन्माला घातलेत. म्हणून म्हणते, बसव!"

ग्लेंडाने ऐकलं नाही. कचेरीत काळ्यांना नोकऱ्या द्या म्हणून पायरीवर धरणं धरलं, आणि पुढे तिथेच कारकून झाली. तिच्या मैत्रिणींनीही केस तसेच वाढवले. लढा त्यांनी जिंकला, धंदा माझा बसला.

मग आलं दोन हजार वीस. शेजारच्या गावात पोलिसांनी गाडी थांबवून एका तरुणाला गोळी घातली. ग्लेंडाची लेक ताकिया, बारीक वेण्या घातलेली, तोंडाला मास्क, हातात फोन, मोर्चाला निघाली.

"पायजमा घालून?" व्हर्नेल म्हणाली. वय ब्याऐंशी, जीभ तशीच. "आमच्या वेळी आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, केस बसवून जायचो. आमच्यात शिस्त होती!"

"केस बसवून गेलात म्हणून काठी हळू बसली का, आजी?"

कोपऱ्यातून म्हातारी ओरा ली म्हणाली, "छे! केस मात्र हलले नाहीत. व्हर्नेलने तेवढा फवारा मारला होता."

तिघी हसल्या. मग ओरा लीच म्हणाली, "पण पोरी, मी केस त्या काठीवाल्यांसाठी बसवले नव्हते. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं प्रेत छापून आलं, तर आईला लाज वाटू नये, म्हणून बसवले होते."

ताकियाने बाही वर सारली. हातावर पेनाने वकिलाचा फोन नंबर लिहिलेला होता. पकडलं, फोन हिसकावला, तर असावा म्हणून.

व्हर्नेलने तिचा हात उजेडाकडे ओढला. "शाई पुसट आहे," ती म्हणाली. ड्रॉवरमधून जाड पेन काढून तिने एकेक आकडा गिरवला. खाली दुकानाचाही नंबर लिहिला.

"हा कशाला?"

"वकिलाला झोप लागते. मला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताकिया आली. डोळे अश्रुधुराने सुजलेले, आल्या आल्या "खायला काय आहे?" व्हर्नेलने तिला आधी रागावलं, मग जवळ घेतलं.

यंदा दुकान बंद झालं. गावातल्या छोट्या संग्रहालयाने मला मागून नेलं. पाटीवर लिहिलं होतं, 'नागरी हक्कांचा लढा, १९६४ ते १९६८'. उद्घाटनाला व्हर्नेल, ग्लेंडा आणि ताकिया, तिघी आल्या. आमच्याच वेळचा लढा खरा, यावर पुन्हा थोडी जुंपली. मग व्हर्नेलने पर्समधून पेन काढलं आणि सगळ्यांदेखत दुसरं साल खोडून टाकलं. संग्रहालयाचा माणूस घाबरून म्हणाला, "मॅडम, मग तिथे काय लिहायचं?"

"मला काय विचारतोस? हिला विचार," व्हर्नेल म्हणाली, आणि पेन ताकियाच्या हातात दिलं.

ताकियाने टोपण लावून ते परत पर्समध्ये टाकलं. ती जागा अजून कोरी आहे. तुम्ही कधी इकडे आलात, तर ती भरायची घाई करू नका.