एका विद्यार्थिनीची शाळा आणि तिची शिपाईण

आमच्या घरात शाळा निघाली आणि मला या वयात शिपायाची नोकरी लागली. मुख्याध्यापक माझी लेक. विद्यार्थिनी एकच, माझी नात भिंगरी, वय वर्षं आठ. शाळेचं नाव काढलं की तिच्या पोटात कळ यायची. नाटक नव्हे, खरी कळ, पोरगी घामाने भिजायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं, पोटात काही सापडेना. शेवटी लेकीने तिचं नाव शाळेतून काढलं. म्हणाली, "मीच शिकवते घरी."

जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, घरी येतो पाहुण्यासारखा. तो फोनवर म्हणाला, "या खेपेवरून येईपर्यंत कर तुझ्या मनासारखं. आल्यावर पोरगी बरी दिसली तर पुढे बघू. नाहीतर तिची जुनी शाळा आहेच." झालं, लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारी तिची औषधांच्या दुकानात पाळी असते, म्हणून शाळा सकाळची. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे वर्ग. भिंतीवर वेळापत्रक. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग, त्यात गुडघे वाकल्यापासून मीच पुढे. मग हजेरी. नाव एकच, तरी लेक मान वर करून बघायची, कुणी राहिलं तर नाही ना.

घंटा माझ्याकडे. ताटलीवर पळी हाणायची. आणि काय सांगू, हातात जरा अधिकार आला की माझ्या अंगात हवालदार शिरतो. मी अशी घंटा द्यायचे की समोरच्या इमारतीतली सगळी पोरं दप्तरं घेऊन रस्त्यावर. बरं, सगळी नाही. बरं, एक कुत्रा भुंकला.

भिंगरी म्हणाली, "आजी, पाणी दे."

"आधी हात वर कर," मी म्हणाले. माठ तिच्या कोपराला लागत होता. मधल्या सुट्टीसाठी डबासुद्धा भरायचे मी, ओट्यावरून उचलून टेबलावर ठेवायला.

आठवडाही झाला नसेल. एका सकाळी मी घंटा दिली आणि भिंगरी पोट धरून पलंगावर आडवी. तीच कळ, तोच घाम. लेकीने हातातलं पुस्तक मिटलं. न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. नळ सोडून बसली म्हणजे रडत होती. मी आई आहे तिची, मला कळतं.

मी भिंगरीपाशी बसले. मला औषधातलं काही कळत नाही. थापा मात्र कधीही सांगा. म्हटलं, "तुझ्याएवढी होते ना, तेव्हा माझी वेणी एवढी लांब होती, एवढी लांब, की आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मी ती गॅलरीतून खाली सोडायचे. भाजीवाला टोकाला पिशवी बांधायचा, मी वर ओढायचे."

भिंगरीने एक डोळा उघडला. "काहीतरीच."

"कांदे असले की मान दुखायची, बाकी काही नाही."

"आजी, आपणही तिसऱ्याच मजल्यावर राहतो."

"मग?"

ती उठली. कपडे वाळत घालायची दोरी सोडली, गॅलरीतून खाली टोक टेकेपर्यंत सोडली, वर ओढून शिवणाच्या टेपने मोजली. नऊ मीटर. मग फोनवर शोधलं, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पलंगाशेजारी फरशीवर खडूने भागाकार मांडून बसली. तेवढ्यात लेक तोंड पुसत बाहेर आली.

"आई, भाषेचा तास आहे हा. आणि ही दोरी का सोडलीय?"

"पंच्याहत्तर," भिंगरी म्हणाली. "आजी, एवढी वेणी व्हायला पंच्याहत्तर वर्षं लागतात. आणि तू होतीस माझ्याएवढी."

"मी मोठी दिसायचे वयापेक्षा."

लेक फरशीवर वाकली, भागाकार पुन्हा करून पाहिला आणि म्हणाली, "बरोबर आहे गं." मग पोटाला हात लावून विचारलं, "दुखतंय?"

"थांब ना आई, केस गळतात ते धरायचे राहिले."

त्या दिवशी वेळापत्रक भिंतीवरून उतरलं. रोज सकाळी मी एक थाप मारायची आणि भिंगरीने ती पकडायची, हीच शाळा. मी एका श्वासात पोहत नदीच्या पलीकडच्या काठाला गेले, तर तिने नदीची रुंदी काढली. मी एका बैठकीत शंभर पोळ्या खाल्ल्या, तर तिने कणीक तोलली आणि माझं पोट मोजलं. पोट मोजायची काही गरज नव्हती, असं माझं आजही म्हणणं आहे.

जावई आला. हातपाय धुतले, भिंगरीला समोर उभं केलं आणि म्हणाला, "हं, सतराचा पाढा म्हण."

भिंगरीचा हात पोटावर गेला. लेक ओट्याला धरून उभी राहिली. तास तरी संपेल म्हणून मी पळी शोधायला लागले. जावयाने तो हात पाहिला. विषय बदलायला म्हणाला, "असू दे. ऐक, काल बंदरापासून नऊशे किलोमीटर दहा तासांत मारले. कुठे थांबलो नाही की काही नाही."

भिंगरीचा हात खाली आला. "ताशी नव्वद?"

"मग."

"बाबा, तुझ्या मालकाने ट्रकला ते यंत्र बसवलंय ना? ऐंशीच्या वर जाऊ देत नाही ते, तूच सांगितलंस. ऐंशीने सव्वा अकरा तास झाले. आणि शूला कुठे गेलास?"

लेकीने तोंडावर पदर दाबला.

"बारा-तेरा लागले असतील," जावई म्हणाला.

"बारा की तेरा?"

तो लेकीकडे वळला. "राहू दे हिला घरी. शाळेतले मास्तर गरीब असतात बिचारे."

लेक मटकन खुर्चीत बसली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसली. मला मात्र त्या थापेची लाज वाटली. ना शेंडा ना बुडखा, पोरीने उभ्या उभ्या पकडली. जावई बघताना आम्ही नोकरी बघितली, तब्येत बघितली, स्वभाव बघितला. थाप मारता येते का, एवढंच विचारायचं राहून गेलं.