हाताची चूक

सरांनी नोंदवही बाईंपुढे सरकवली. "इथे सही करा. तीन उंदीर, हाताची चूक."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना नळीने औषध पाजत होत्या. नळी चुकून श्वासनलिकेत गेली की उंदीर दोन मिनिटांत तडफडून मरतो. त्याला म्हणायचं हाताची चूक, आणि तसा उंदीर प्रयोगातून बाद करायचा. बाईंच्या हातून असे किती मेले, ते बोटांवर मोजता आलं असतं.

"हे तिसऱ्या दिवशी मेलेत, सर. मी फाडून पाहिलेत. फुप्फुसं कोरडी खडखडीत. यकृताचा मात्र पार चिखल झालाय."

"यकृताला विष दिलं होतं ना आपण?"

"विष सगळ्यांनाच दिलं होतं! वर नुसतं पाणी पाजलेले सहाच्या सहा जिवंत आहेत. यकृत वाचवायला तुमचा काढा पाजलेल्या सहातले तीन गेले. ते बाद केले की काढा एकदम गुणकारी. वा रे हुशारी!"

"आवाज खाली. पाच वर्षं घातलीत मी यात."

"आणि मी घरचा भाऊ घातलाय!"

धाकट्या भावाचं यकृत बिघडलंय हे कळल्यावर पंधरवड्यापूर्वी सरांनीच काढ्याची बाटली दिली होती. बिनधास्त द्या, म्हणाले होते. वर बाईंनी त्यांचे आभार मानले होते! ते आठवून बाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

सही न करता, रजा न मागता त्या भर दुपारी घरी गेल्या. भाऊ उशीला टेकून पडला होता. डोळे कालच्यापेक्षा पिवळे. बाईंनी उरलेला काढा बाटलीसकट पिशवीत कोंबला.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"अगं ताई, सरांचं औषध..."

"मेला तुझा सर!"

"मला कुठे जात होतं ते कडूजहर? तू पाजायचीस म्हणून घ्यायचो."

बाईंनी खाली बसून त्याच्या पायात चपला सरकवल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली, कपाळाला आठ्या घातल्या आणि कागद पुढे केला. घरी काय दिलं, कोणी दिलं, ते लिहायचं होतं. बाईंनी काढ्याचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, सहातले तीन मेले. मग खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, हाताची चूक, आणि सही केली.