मी पाहिलेला एक पत्ता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अमळनेरच्या कॉलेज रस्त्यावर, मोहिनीताईंच्या फॉर्म भरायच्या दुकानात कोपऱ्यात बसलो आहे. नवा होतो तेव्हा निकालाच्या दिवशी माझ्यापुढे झुंबड उडायची. पोरं आनंदाने माझी पाठ थोपटायची. पुढे घरोघरी मोबाईल आले आणि माझ्यावर धूळ बसली. वाईट वाटत नाही. हल्ली फारसं काहीच वाटत नाही.

एका दुपारी कौतिकआबा आणि त्यांची बायको मंजुळाबाई आले. आबा वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एका ॲपच्या नादी लागून त्यांनी आपली पुंजी क्रिप्टोत, म्हणजे संगणकावरच्या आभासी नाण्यांत, घातली होती. त्यांना ते जमत नव्हतं, म्हणून नाणी विकत घेऊन ॲपने दिलेल्या पत्त्यावर पाठवली ती त्यांच्या भाच्याने, कुंदनने. ॲप मात्र म्हणत राहिलं, "पैसे आलेच नाहीत. पुन्हा पाठवा." आबांनी कुंदनला भर गल्लीत चोर म्हटलं. तेव्हापासून तो घरी येईना.

त्याने मामीच्या मोबाईलवर व्यवहाराचा क्रमांक पाठवला होता. आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ. मोहिनीताईंनी ती माझ्यावर टाकली. मी कुरकुरलो, पण पान उघडलं.

"आबा, ही सगळ्या जगाला उघडी नोंद आहे," ताई म्हणाल्या. "कुणीही वाचावी, खोडता कुणालाच येत नाही. हा पाठवणाऱ्याचा पत्ता, हा घेणाऱ्याचा. ॲपने तुम्हाला दिलेला पत्ता दाखवा बरं."

आबांनी मोबाईल पुढे केला. ताईंनी एकेक अक्षर ताडून पाहिलं. पत्ता तोच होता.

"कुंदनने पैसे बरोबर पाठवले. पोचलेही, हे बघा, पक्की नोंद झालीय. ॲपवाले खोटं बोलतात. आणि पैसे लगेच तिथून पुढे दुसरीकडे गेलेत."

"मंग कुंदननी पैसा नही खादा?" आबांनी विचारलं.

"नाही."

मंजुळाबाई माझ्याजवळ सरकल्या. "पत्ता शे ना? मंग चाला, तठे जाऊत."

ताईंनी मान हलवली. "अक्का, तो घराचा पत्ता नाही. गाव नाही, नाव नाही. नुसती अक्षरं. सायबर पोलिसांकडे तक्रार करू. पण परत मिळतीलच असं मी सांगू शकत नाही."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, भिंतीकडे बघावं तसे. माझ्या आत पंखा घरघरत होता.

"बठ्ठी गल्लीसमोर तुम्ही त्याले चोर म्हनात," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "फोन लावा."

आबांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "मामा?"

आबांनी जेवणाचं विचारलं, "जेवना का?"

कुंदन म्हणाला, "हाव मामा. तुम्ही कोठे शेतस? मी येस घेवाले."

तो आला. मामाला मोटारसायकलवर मागे बसवून तक्रार द्यायला घेऊन गेला. मंजुळाबाई दुकानातच थांबल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्राची धूळ कधीमधी पुसत जा. मात्र त्याआधी एवढं करा. अनोळखी पत्त्यावर काही पाठवण्यापूर्वी जाणत्याला विचारा. आणि आपल्या माणसावर आळ घेण्यापूर्वी ती उघडी नोंद एकदा वाचून पाहा. पाठवलेलं नाणं मागे बोलावता येत नाही. बोललेला शब्दही नाही. पण शब्द लागलेल्या माणसाला फोन तरी लावता येतो.